मराठी संहितेची संगणकीय मोजणी : आदान-प्रदानाच्या प्रवाहांतील दोष व त्यांचा शोध

साहित्यकृतीतील शब्दांची मोजणी हे आता अभ्यासाचे एक मान्य साधन झाले आहे. एखाद्या कवीने कोणता शब्द किती वेळा योजला, एखाद्या ग्रंथाच्या दोन प्रतींत किती शब्द भिन्न आहेत, संशयित प्रक्षेपाचा शब्दसंग्रह उर्वरित ग्रंथाशी जुळतो की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे देताना संशोधक आकडे पुढे ठेवतो. रोबेर्तो बुसा या जेझुइट विद्वानाने १९४९ मध्ये आयबीएम कंपनीच्या साहाय्याने संत थॉमस अक्वायनस याच्या लेखनाची शब्दसूची यंत्रावर करावयास घेतली. या पद्धतीचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. मराठीत ज्ञानेश्वरीसारख्या सुमारे नऊ हजार ओव्यांच्या ग्रंथाची सूची हाताने करण्यास लागणारे श्रम ध्यानी घेतले, तर यंत्राचे आकर्षण सहज समजते.

तथापि यंत्राने दिलेला आकडा आणि पुरावा म्हणून मांडता येईल असा आकडा, यांत अंतर आहे. आकडा चुकला की संशय प्रथम मोजणीच्या तर्कावर, म्हणजे आज्ञावलीवर जातो. प्रत्यक्षात अनेकदा आज्ञावली निर्दोष असते. दोष असतो तो संहिता आज्ञावलीपर्यंत नेणाऱ्या आणि निष्कर्ष फाइलीपर्यंत आणणाऱ्या मार्गात. प्रस्तुत लेखात या मार्गाचाच विचार केला आहे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत व अंक मराठी वळणाने दिले आहेत. यंत्रावर मूळ आज्ञा आणि त्यांतील अंक रोमी लिपीतच लिहावे लागतात.

१. तीन प्रवाह

पडद्यावर ओळ लिहून चालविल्या जाणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीस तीन प्रवाह जन्मतःच मिळतात. प्रमाण आदान (क्रमांक ०) म्हणजे वाचण्याची वाट. प्रमाण प्रदान (क्रमांक १) म्हणजे निष्कर्ष लिहिण्याची वाट. आणि प्रमाण दोषप्रवाह (क्रमांक २) म्हणजे तक्रारी व सूचना लिहिण्याची वाट. काहीही सांगितले नाही, तर पहिला प्रवाह कळफलकाकडून येतो व उरलेले दोन पडद्याकडे जातात. < या चिन्हाने आदान फाइलीकडून घेता येते. > या चिन्हाने प्रदान फाइलीकडे वळविता येते. | या चिन्हाने एका आज्ञावलीचे प्रदान दुसरीचे आदान होते. वळविण्याच्या या क्रियेस येथे 'प्रवाहवळण' म्हटले आहे.

ही रचना अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत युनिक्स प्रणालीबरोबर घडली. < आणि > ही चिन्हे केन टॉम्पसन याच्या १९७१ च्या शेलमध्ये होती. आज्ञावल्या बागेतील पाण्याच्या नळीच्या तुकड्यांप्रमाणे एकमेकींस जोडता याव्यात ही डग्लस मॅकिलरॉय याची १९६४ मधील कल्पना १९७३ मध्ये प्रत्यक्षात आली. दोषप्रवाह मात्र नंतरचा आहे, आणि त्याच्या जन्माची हकिकत मुद्रणाशी संबंधित असल्याने साहित्याच्या अभ्यासकास विशेष बोलकी वाटेल. त्या संस्थेत छायाजुळणीचे यंत्र वापरात आले, तेव्हा मजकुराबरोबर तक्रारीही त्याच वाटेने जात. फिल्म धुऊन पाहिल्यावर पानाऐवजी एखादी तक्रारच सुबकपणे जुळविलेली आढळे. असे कागद वारंवार वाया गेल्यावर तक्रारींसाठी वेगळी वाट काढण्यात आली. मजकूर आणि मजकुराविषयीची टीप यांचे मिश्रण होऊ नये, हे संपादनशास्त्रातील तत्त्वच येथे यंत्राने मान्य केले, असे म्हणता येईल.

२. कसोटीचा शब्द : दिंडोशी

मोठ्या ग्रंथावर आज्ञावली चालविण्यापूर्वी ती अशा आदानावर तपासावी की ज्याचे उत्तर हाताने काढता येते. मुंबईच्या उपनगरांतील स्थलनामांचा अभ्यास हे त्यासाठी सोयीचे उदाहरण आहे. गोरेगाव व मालाड यांच्या पूर्वेस, चित्रनगरीच्या बाजूस असलेल्या दिंडोशीचे नाव घ्यावे. मेट्रोच्या सातव्या मार्गिकेवरील याच नावाचे स्थानक २ एप्रिल २०२२ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले, आणि नाव फलकांवर अधिकच रूढ झाले.

वाचकास या शब्दात तीन अक्षरे दिसतात : दिं, डो, शी. युनिकोडनुसार मात्र त्यात सात वर्णचिन्हे आहेत : द, ऱ्हस्व इकार, अनुस्वार, ड, ओकार, श, दीर्घ ईकार. ऱ्हस्व इकार कागदावर द च्या आधी दिसतो. साठवणुकीत तो द च्या नंतर येतो. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणून शब्दाचे एकवीस बाइट आणि ओळ संपविणाऱ्या चिन्हाचा एक, असे बावीस होतात. हा शब्द एकटा एका फाइलीत लिहून 'डब्ल्यूसी -सी' या आज्ञेने बाइट मोजले असता २२ येणे हेच योग्य होय.

हा आकडा म्हणजे एक निदानसाधन आहे. २१ आले तर ओळ संपविणारे चिन्ह नाही. २३ आले तर ओळ विंडोजच्या रीतीने दोन चिन्हांनी संपविली आहे. २५ आले तर आरंभी यूटीएफ-८ ची तीन बाइटांची खूण आहे, आणि २६ आले तर ती खूण व विंडोजची ओळ दोन्ही आहेत. २० आले तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये गेली आहे : खुणेचे दोन, सात चिन्हांचे चौदा आणि ओळसमाप्तीचे चार. ८ आले तर मात्र दोन शक्यता संभवतात. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या इस्की प्रमाणात देवनागरीचे चिन्ह एकाच बाइटात बसते. त्या संकेतनात सात अधिक एक, असे आठ होतात. उलटपक्षी संकेतनांतर फसून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह पडले असेल, तरीही आठच होतात. पहिल्या प्रसंगी शब्द शाबूत आहे, दुसऱ्या प्रसंगी तो कायमचा गेला आहे. एकट्या संख्येवर विसंबता येत नाही ते अशा ठिकाणी. 'ओडी -टी यू१' ही आज्ञा प्रत्येक बाइटचे मूल्य दाखविते : सात वेळा ६३ दिसल्यास ती प्रश्नचिन्हे होत, १६० च्या वरच्या सात भिन्न-भिन्न संख्या दिसल्यास इस्की असण्याचा संभव अधिक, आणि २२४, १६४, १६६ असा आरंभ दिसल्यास यूटीएफ-८ मधील द होय.

'डब्ल्यूसी -एम' ही आज्ञा बाइटांऐवजी चिन्हे मोजते व येथे ८ सांगते. ती जर २२ सांगू लागली, तर यंत्राची भाषाव्यवस्था, ज्यास 'लोकेल' म्हणतात, यूटीएफ-८ ची नाही असे समजावे. फाइल निर्दोष, तरी मोजणी सदोष, असा हा प्रकार होय.

३. मूळ संहितेचा नाश

प्रवाहवळणातील सर्वांत गंभीर दोष अत्यंत साध्या ओळीतून उद्भवतो. शब्दांची यादी अकारविल्हे लावावी आणि त्याच फाइलीत ठेवावी, या हेतूने अभ्यासक लिहितो :

सॉर्ट यादी > यादी

ओळ वाचावयास निर्दोष वाटते. परिणामी यादी रिकामी होते. कारण असे की > या चिन्हाची आज्ञा 'सॉर्ट' पाळत नाही, शेल पाळतो, आणि तोही 'सॉर्ट' सुरू होण्यापूर्वी. शेल प्रथम फाइल उघडून तिच्यातील मजकूर पुसतो. त्यानंतर 'सॉर्ट' सुरू होते व रिकामी फाइल वाचून रिकामाच निष्कर्ष लिहिते. तक्रार कोणतीच येत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने काहीही चुकलेले नसते. अनेक महिने बसून टंकित केलेली हस्तलिखिताची प्रत या एका ओळीने जाऊ शकते.

उपाय तीन आहेत. निष्कर्ष नेहमी वेगळ्या नावाच्या फाइलीत घ्यावा. 'सॉर्ट'पुरता -ओ हा पर्याय आहे. त्यात आदान संपूर्ण वाचून झाल्यावरच प्रदानाची फाइल उघडली जात असल्याने तेच नाव चालते. तिसरे, शेलची 'नोक्लॉबर' ही सोय सुरू ठेवावी. मग अस्तित्वात असलेल्या फाइलीवर > लिहिण्यास शेल नकार देतो. याखेरीज मूळ संहितेची फाइल केवळ वाचनासाठी खुली ठेवणे हा ग्रंथालयाचा जुना नियम येथेही उपयोगी पडतो.

४. वळणांचा क्रम

'शब्दमोज' नावाची एक आज्ञावली कल्पावी. ती संहिता वाचून शब्दसंख्या लिहिते आणि अपरिचित चिन्ह आढळल्यास तक्रार करते. चाचणीची योग्य ओळ अशी :

शब्दमोज < पाठ > फल २> दोष

येथे निष्कर्ष 'फल'मध्ये व तक्रारी 'दोष'मध्ये जातात. २> न लिहिल्यास तक्रारी पडद्यावर येतात, आणि फाइल निर्मळ असूनही चाचणी बिघडली असे वाटते. दोन्ही एकत्र हवे असल्यास २>&१ असे लिहितात; ही लेखनपद्धती १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न याच्या शेलमुळे रूढ झाली. तिचा क्रम मात्र अर्थ बदलतो.

शब्दमोज < पाठ > फल २>&१
शब्दमोज < पाठ २>&१ > फल

पहिल्या ओळीत दोन्ही प्रवाह 'फल'मध्ये जातात. दुसऱ्या ओळीत तक्रारी पडद्यावरच राहतात. शेल वळणे डावीकडून उजवीकडे अमलात आणतो, आणि &१ याचा अर्थ 'क्रमांक एक या क्षणी जेथे जात आहे तेथे' असा असतो; 'क्रमांक एकच्या मागोमाग कायम' असा नव्हे. दुसऱ्या ओळीत ते वाचले जाते तेव्हा क्रमांक एक अद्याप पडद्याकडेच जात असतो. नंतर त्याची वाट बदलली तरी क्रमांक दोनची बदलत नाही.

तक्रारी नकोशा झाल्या म्हणून २> वापरून त्या 'डेव्ह-नल' या शून्य फाइलीत टाकण्याची सवय घातक आहे. 'अमुक ओळ वाचता आली नाही' ही तक्रार दडपली, तर मोजणीतून वगळलेल्या ओव्यांचा पत्ता कोणालाच लागत नाही.

५. पडद्यावर बरोबर, फाइलीत चूक

मराठी संहितेच्या बाबतीत वारंवार आढळणारे कोडे असे की आज्ञावलीचे उत्तर पडद्यावर बरोबर दिसते आणि तेच फाइलीत वळविल्यावर बिघडते. याची कारणे भिन्न असल्याने ती वेगळी करणे आवश्यक आहे.

पहिले कारण हे की आपले प्रदान पडद्याकडे जात आहे की फाइलीकडे, हे आज्ञावलीस कळते व त्यानुसार ती वागणूक बदलते. पायथन भाषेच्या ३.६ (२०१६) पासूनच्या अनेक आवृत्त्या विंडोजच्या पडद्यावर युनिकोडात लिहितात; परंतु प्रदान फाइलीकडे वळविले की यंत्राचे प्रचलित संकेतपृष्ठ वापरतात. ते १२५२ क्रमांकाचे असल्यास त्यात देवनागरी नाहीच. मग पहिल्याच मराठी चिन्हापाशी आज्ञावली थांबते. २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून 'पायथनयूटीएफ८' हे परिवेशचल १ केल्यास ही अडचण दूर होते.

दुसरे कारण शेलमधील आहे. विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये > हे चिन्ह बाइट जसेच्या तसे पुढे देत नाही. बाहेरील आज्ञावलीचे बाइट आधी पडद्याच्या संकेतपृष्ठानुसार वाचले जातात व नंतर यूटीएफ-१६ मध्ये लिहिले जातात. संकेतपृष्ठ ४३७ असल्यास 'दिंडोशी'चे एकवीस बाइट एकवीस निरर्थक चिन्हे बनतात, आणि फाइल ४८ बाइटांची होते : खुणेचे दोन, चिन्हांचे बेचाळीस, ओळसमाप्तीचे चार. ४८ हा आकडा दिसताच दोष आज्ञावलीचा नसून मार्गाचा आहे, हे ठरते. विंडोजच्या जुन्या आज्ञापटलावर, तसेच पॉवरशेलच्या ७.४ पासूनच्या आवृत्त्यांत, बाहेरील आज्ञावलीचे बाइट न बदलता फाइलीत जातात. पॉवरशेलमध्ये < हे चिन्ह चालत नाही, हेही चाचणी लिहिणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

तिसरे कारण प्रवाहवळणाशी संबंधित नाही, पण त्यावर त्याचे खापर फुटते. १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींतून जुळविलेल्या अनेक फाइलींत मराठी चिन्हे नसून टंकातील आकारांचे क्रमांक असतात. त्यांत ऱ्हस्व इकार दिसतो तसाच, व्यंजनाच्या आधी साठविलेला असतो. अशी फाइल आदान म्हणून दिल्यास निष्कर्ष निरर्थकच येणार. तिचे आधी युनिकोडात रूपांतर करणे हाच मार्ग होय.

चौथे कारण क्रमाचे आहे. पडद्याकडे लिहिताना बहुतेक आज्ञावल्या ओळ पूर्ण होताच ती पाठवितात; फाइलीकडे लिहिताना ४०९६ बाइट किंवा त्याहून मोठा साठा जमल्यावर एकदम पाठवितात. तक्रारी मात्र लगेच जातात. परिणामी एकत्र फाइलीत तक्रार आधी आणि तिला कारण झालेली ओळ नंतर, असा उलटा क्रम दिसतो. आज्ञावली मध्येच बंद पाडली गेल्यास तर न पाठविलेला साठा नष्ट होतो, आणि निष्कर्षाची फाइल एखाद्या शब्दाच्या मध्यावर तुटलेली आढळते.

६. शेवटची ओळ आणि अदृश्य चिन्ह

दिंडोशी, कुरार, मालाड, गोरेगाव, आरे, पठाणवाडी ही सहा नावे एकाखाली एक लिहिली आणि शेवटच्या नावापुढे ओळ संपविली नाही, तर 'डब्ल्यूसी -एल' पाच ओळी सांगते. ती ओळी मोजत नसून ओळसमाप्तीची चिन्हे मोजते. शेलमधील 'व्हाइल रीड' हे आवर्तन तर अशी शेवटची ओळ वाचूनही तिच्यावर काम न करता थांबते. सहा नावांच्या यादीत हे डोळ्यांस दिसते. ग्रंथाच्या प्रत्येक अध्यायाची वेगळी फाइल असल्यास प्रत्येक अध्यायाची अखेरची ओवी, बहुधा नाममुद्रेची, मोजणीतून गळते. कविनामाच्या वारंवारतेवर आधारलेला निष्कर्ष त्यामुळे संपूर्णतः उलटू शकतो.

विंडोजवर लिहिलेली फाइल युनिक्सच्या आज्ञांस दिल्यास ओळीच्या टोकाशी असलेले १३ मूल्याचे अदृश्य चिन्ह शब्दास चिकटून राहते. मग ओळीच्या मध्यावरील 'दिंडोशी' व अंती आलेले 'दिंडोशी' हे दोन भिन्न शब्द म्हणून मोजले जातात. यादीत एकच शब्द दोनदा, वेगवेगळ्या संख्यांसह दिसला, की प्रथम या चिन्हाचा शोध घ्यावा. अर्थात सर्वच दुहेरी नोंदी यांत्रिक नसतात. 'दिंडोशी' आणि 'दिण्डोशी' हा लेखनभेद खरा आहे व तो नोंदविलाच पाहिजे. 'दऱ्या'सारख्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो आणि दोन्ही रूपे सारखीच दिसतात; तो भेद केवळ यांत्रिक आहे व तो मिटविलाच पाहिजे. कोणता भेद पाठभेद आणि कोणता यंत्रभेद, हा निर्णय अभ्यासकाचा आहे.

७. चाळण्यांची साखळी

अनेक आज्ञा | ने जोडल्यावर दोष नेमक्या कोणत्या दुव्यात आहे हे निष्कर्षावरून कळत नाही. एक उदाहरण पुरेसे आहे. संहितेतील दंड काढून टाकण्यासाठी 'टीआर -डी' ही आज्ञा योजली जाते. ग्नू संचातील 'टीआर' परंपरेने चिन्हांवर नव्हे, तर एकेका बाइटवर काम करते. दंडाचे बाइट २२४, १६५, १६४ असे आहेत. त्यांतील २२४ हा देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट होय, आणि दुसरा बाइट १६४ किंवा १६५ यांपैकीच एक असतो. म्हणजे दंड काढावयास सांगितले असता ही आज्ञा साऱ्या संहितेचे दोन तृतीयांश बाइट काढून टाकते. येथे 'सेड' वापरणे युक्त.

असा दुवा शोधण्यासाठी 'टी' ही आज्ञा उपयोगी पडते. ती आदान जसेच्या तसे पुढे देते व त्याची एक प्रत फाइलीत ठेवते. प्रत्येक दोन दुव्यांमध्ये 'टी' घालून त्या प्रती क्रमाने पाहिल्या की संहिता कोठे बिघडली ते कळते. साखळीचे यशापयश सामान्यतः केवळ शेवटच्या आज्ञेवरून ठरते, हेही विसरू नये. पहिली आज्ञा अयशस्वी झाली आणि शेवटची रिकामे आदान घेऊन सुखरूप संपली, तर शेल 'यशस्वी' असेच सांगतो. 'पाइपफेल' हा पर्याय सुरू केल्यास हा भ्रम टळतो.

अनुक्रमाविषयीही एक सावधगिरी आवश्यक आहे. 'युनिक' ही आज्ञा लगतच्याच समान ओळी एकत्र करते. म्हणून तिच्याआधी 'सॉर्ट' हवीच. 'सी' या लोकेलमध्ये क्रम युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे लागतो. त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, तर मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर आहे. मोजणीस हा क्रम चालतो. छापावयाच्या सूचीस चालत नाही.

८. तपासाची रीत

वरील विवेचनावरून चाचणीची एक रीत निष्पन्न होते. आदान, अपेक्षित निष्कर्ष आणि प्रत्यक्ष निष्कर्ष या तीन फाइली वेगळ्या ठेवाव्यात. अपेक्षित निष्कर्ष हाताने काढलेला असावा. आज्ञावली चालवून दोन निष्कर्षांची तुलना 'डिफ'ने करावी. पाठसंपादक दोन प्रतींतील भेद नोंदवितो तसेच हे काम आहे. आदानांत रिकामी फाइल, एका शब्दाची फाइल, ओळसमाप्ती नसलेली फाइल आणि विंडोजच्या ओळींची फाइल, एवढी तरी असावीत. आज्ञावली काहीच न करता थांबून राहिल्यास बहुधा < विसरलेले असते आणि ती कळफलकाची वाट पाहत असते. युनिक्सवर कंट्रोल-डी दाबताच ती पुढे सरकते. भेद आढळल्यास प्रथम बाइट मोजावेत, मग दोषप्रवाहाची फाइल वाचावी, मग साखळीचे दुवे सुटे करावेत, आणि सर्वांत शेवटी आज्ञावलीच्या तर्काकडे वळावे.

समारोप

ग्रंथसंपादनात प्रतीचे वर्णन दिल्यावाचून पाठ मान्य होत नाही. प्रत कोठून आली, कोणाच्या हातून गेली, कोठे खंडित आहे, हे सांगावे लागते. संगणकीय मोजणीतही संहिता कोणत्या संकेतनात होती, कोणत्या ओळीने आज्ञावली चालविली, निष्कर्ष कोणत्या वाटेने फाइलीत आला आणि तक्रारी किती आल्या, ही त्या आकड्याची हस्तांतरकथाच होय. प्रबंधाच्या परिशिष्टात आकड्यांबरोबर आज्ञेची ओळ, कसोटीची फाइल आणि दोषप्रवाहाची फाइल जोडल्यास दुसरा अभ्यासक तीच मोजणी पुन्हा करून पाहू शकेल. तशी सोय नसलेला आकडा कितीही नेटका दिसला, तरी तो पुराव्याच्या पंक्तीस बसत नाही.